घाईच्या शूटला व्हाइट बॅलन्स लॉक करायचा की ऑटोवर सोडायचा?

गंगावेसचा_कॅमेरा:
चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर दोन कॅमेरे लावले. माझा व्हाइट बॅलन्स (कुठल्या उजेडात पांढरं पांढरंच दिसावं ते सेटिंग, केल्विनमध्ये मोजतात) उन्हाच्या 5600 केल्विनवर लॉक, जोडीदाराचा ऑटोवर, म्हणजे कॅमेराच ठरवणार. गुलाल उधळला की अख्खी फ्रेम गुलाबी, आणि ऑटो ती गुलाबी छटा मारायला जातो. शॉट चालू असतानाच रंग सरकला. सासनकाठी धरलेल्या गड्याचं तोंड हिरवट, गुलाल मळकट. माझं म्हणणं, कितीही घाई असू दे, केल्विन आणि शटर हातानंच लावायचं. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी 1918 साली आपल्या कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा बनवला, तेव्हा कुठं ऑटो होतं?

तांबडा_पांढरा:
तेव्हा रंग पण नव्हता की भावा! डोंगरावर दिवसभर ऊन एकच. लग्नाला ये. हळदीला पिवळं कापड, त्यातनं गाळून येणारं ऊन. तिथनं पाच मिनिटांत हॉलमध्ये, स्टेजवर हॅलोजन, मागं निळे एलईडी. नवरी निघाली की मी केल्विन फिरवत बसू? क्षण गेला तर गेला, रंग एडिटला आणता येतो. आजवर एकाही नवरीच्या आईनं मला केल्विन विचारला नाही.

गंगावेसचा_कॅमेरा:
एकसारखा चुकलेला रंग आणता येतो, एका दुरुस्तीत क्लिप सुधारते. शॉटच्या मधेच सरकला तर कीफ्रेम टाकत, म्हणजे जिथं जिथं रंग बदलला तिथं वेगळी दुरुस्ती करत, रात्र जाते. त्यात 8 बिट फुटेजमध्ये रंगाच्या छटा कमी, एडिटला जास्त ताणलं की भिंतीवर पट्टे. हॅलोजनला 3200 आणि उन्हाला 5600, दोन बटणांवर ठेव, दाबलं की झालं.

मिरजकर_तिकटी:
आकडा सारखा म्हणजे रंग सारखा, हे कुणी सांगितलं? दोन कंपन्यांचे कॅमेरे 5600 वर ठेवून एकाच चेहऱ्यावर लावा, फरक दिसेल. जागा बदलली की मी दोन्ही कॅमेऱ्यांना ग्रे कार्ड (करडा पुठ्ठा) दाखवून त्यावर व्हाइट बॅलन्स घेतो, दहा सेकंदांचं काम. एकदा कार्ड घरी राहिलं, म्हणून यजमानांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर भागवलं. धोतराला नीळ घातलेली! सगळा मुहूर्त पिवळा. आणि शटर 1/50 नाहीतर 1/100 ठेवा, आपली वीज 50 हर्ट्झची, नाहीतर ट्यूबलाइट लपलपते.

तांबडा_पांढरा:
नीळ लई भारी 😂 बटणाचं पटलं, बघतो करून. पण वरातीत दर दहा पावलांना लाइट बदलतो. तिथं ऑटोच.

गंगावेसचा_कॅमेरा:
तिथं तर नकोच. 4300 वर ठेव आणि डीजेचा निळा निळाच दिसू दे.

तांबडा_पांढरा:
बरं. नवरदेव निळा दिसला की त्याच्या काकांचा फोन तुझ्याकडं वळवतो.