लष्करमधलं जुनं घर, धुराड्यापाशी गळतंय, गच्चीवर सिमेंट टाकावं का?

लष्करची_लेक
नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जनकगंजच्या बाजूला आमचं पणजोबांच्या वेळचं घर आहे. छत दगडी पटियांचं, म्हणजे लांब दगडी फळ्यांचं, वर चुन्याचा कोबा. चुलीचं धुराडं गच्चीतून वर गेलंय, चूल केव्हाच गेली पण धुराडं तसंच आहे. यंदा बरसातीत धुराड्यालगतची भिंत पार ओली झालीये आणि मधल्या खोलीत एका पटियाच्या सांध्यातून थेंब थेंब पडतं. मिस्त्री म्हणतोय सगळ्या गच्चीवर दोन इंच सिमेंट काँक्रीट टाकतो, धुराडं तोडून टाकतो, कटकटच संपेल. धुराड्याच्या विटांत पिंपळ पण उगवलाय, आणि आई त्याला हात लावू देत नाही. ती एकटीच राहते तिथे, मला घर टिकवायचंय. काय करू?

चुना_सुरखी
ताई, काँक्रीट टाकू देऊ नका. दोन इंच म्हणजे दर चौरस मीटरला साधारण 120 किलो, दहा बाय दहाच्या एका खोलीवरच टनाच्या वर वजन झालं, आणि दगडी पटिया वाकून इशारा देत नाही, एकदम मोडते. शिवाय आपल्याकडचा मे तुम्हाला माहितीच आहे, दुपारी छत तापून लाल आणि रात्री गार, सिमेंटला केसाएवढ्या चिरा पडणारच, त्यातून गेलेलं पाणी खालच्या चुन्यात अडकतं, वर वाळायला वाट नाही म्हणून खालीच उतरतं. चुना पाणी पितो तसा सोडतोही, म्हणून तर ही छतं इतकी वर्षं टिकली.

आधी पाणी शिरतंय कुठून ते शोधा. खाली ओल दिसते त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही, पटियाच्या अंगाने ते लांबवर सरकतं. पाऊस उघडला की गच्चीवर मातीची पाळ घालून एकेका भागात इंचभर पाणी भरा आणि खाली कोणाला तरी बसवा. पन्हळ आधी साफ करा, तुंबलेल्या पन्हळामुळे निम्म्या गच्च्या गळतात. मग धुराडं जिथे गच्चीला टेकतं तिथला गोला, म्हणजे कोपऱ्यात चुन्याने केलेली गोलाई, बघा, मला तर तोच संशय आहे. नखाने खरवडा, चुना भुगा होऊन सुटला तर तेवढाच काढून परत भरायचाय. सांधे इंचभर खोल कोरून, भिजवून, मुरवलेला चुना एक भाग आणि सुरखी (विटांची पूड) आणि वाळू मिळून दोन-अडीच भाग असा मसाला दाबून भरायचा, थापीने ठोकायचा, आणि आठवडाभर तरी वर ओली पोती. जुने लोक त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचे. काम दसऱ्यानंतर काढा, भर पावसात चुना धरत नाही आणि मेच्या उन्हात भसकन वाळून तडकतो. तोवर ताडपत्री.

इंदूरचे_काका
पिंपळ ओढून काढू नका हं, मूळ सांध्यात घुसलेलं असतं, त्याच्याबरोबर वीटच निघून येते. बुंध्याशी कापा, सांधा उघडून मूळ मिळेल तेवढं काढा आणि लगेच भरून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी परत फुटतो. वहिनींना सांगा, रोप अजून लहान असेल तर मुळासकट जेवढं निघेल तेवढं काढून देवळाच्या आवारात लावू, आमच्याकडे असंच करतात, मनाला पण लागत नाही. आणि गच्चीवर पाण्याची टाकी असेल तर ती पटियाच्या मध्यावर आहे का भिंतीवर ते बघा, हजार लिटर म्हणजे एक टन. एखाद्या पटियाला आडवी चीर दिसली तर खाली टेकू लावा आणि इंजिनियरला दाखवा, ते मिस्त्रीचं काम नाही.

बडोदेकर
आमच्या इथल्या पोळातल्या (जुन्या गल्लीतल्या) घरावर पांढरा वॉटरप्रूफ रंग मारला होता, उन्हाळ्यात खोली थंड राहिली खरी. तो मारून बघायचा का?

चुना_सुरखी
दादा, तुमचं छत कोरडं होतं म्हणून चाललं. ओल्या चुन्यावर तसला रंग मारला की फुगे येऊन सोलतो. थंडाव्यासाठी चुन्याची पांढरी सफेदीही चालते, दरवर्षी उन्हाळ्याआधी द्यायची, स्वस्त आहे.

लष्करची_लेक
सगळ्यांचे आभार, मिस्त्रीला थांबवलंय. एक सांगायचं राहिलं, थंडीत आई न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटवते, त्याचा धूर याच धुराड्यात जातो. मग ते वरून बंद करू का नको?

चुना_सुरखी
अहो मग मुळीच नाही! धुराडं कोंदलं तर बंबाचा धूर न्हाणीघरातच फिरणार, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास, दार लावून आंघोळ करणाऱ्याला कळतसुद्धा नाही. थंडी सुरू व्हायच्या आत आतली काजळी, पक्ष्यांची घरटी, पडलेल्या विटा सगळं काढून घ्या. वर चार कोपऱ्यांना विटा उभ्या करून दगडी लादी ठेवा म्हणजे पाऊस आत जाणार नाही, बाजू मोकळ्या राहू द्या, पक्ष्यांसाठी मोठ्या भोकांची जाळी. मग खाली उदबत्ती धरून बघा, धूर वर ओढला जात नसेल तर बंब पेटवू देऊ नका. आणि तोवर आईंना सांगा, पाणी गॅसवर तापवा.