मदत हवी आहे: बीवायडी सील परफॉर्मन्स रोजच्या वापराला, खालून घासते का?

मंडळी, बीवायडीची इलेक्ट्रिक सेडान सील, तिचं परफॉर्मन्स मॉडेल जवळजवळ नक्की केलं आहे. 530 पीएस ताकद, शून्य ते शंभर 3.8 सेकंदांत, कोथरूड-हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये त्याचा उपयोग काय, हे बायकोने विचारून झालंय, तुम्ही नका विचारू.

रोज जाऊन-येऊन 40 किमी, महिन्यातून एकदा कोल्हापूर. सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जर लावायला परवानगी दिली आहे, त्यामुळे चार्जिंगचा प्रश्न नाही. अडतंय ते ग्राउंड क्लिअरन्सवर, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे त्यावर. सुमारे 145 मिमी, त्यात व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2920 मिमी, आणि बॅटरी थेट तळाशी. आमच्या गेटवरचा स्पीडब्रेकर टेपने मोजला, मधोमध 12 सेंमी भरला. बेसमेंटचा रॅम्प वर संपतो तिथे तर सरळ कडाच आहे. टेस्ट ड्राइव्ह मिळाली, पण गुळगुळीत रस्त्यावर, तीही दोघंच बसून. गाडी सोसायटीत आणू देत नाहीत.

एसयूव्ही सुचवू नका, सेडानच हवी आहे.

ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनीच सांगा: चार माणसं आणि डिकीत सामान असताना असा ब्रेकर तिरका घेतला तर पोट टेकतं का? आणि टेकलंच तर बॅटरीच्या कव्हरला लागतं की आधी दुसरं काही घासतं?