'पुनर्जनन' की आणखी काही?

शब्दवेडी: स्टेंटर या तुतारीच्या आकाराच्या, निळसर, एकपेशीय जीवावरचा लेख मराठीत आणतेय. साखरेच्या दाट पाण्यात ठेवलं की हा तोंडाभोवतीचा केसाळ पट्टा टाकून देतो आणि सुमारे ८ तासांत नवा तयार करतो. मी 'पुनर्जनन' लिहिलं. दहावीतल्या भाचीने विचारलं, "मावशी, मग एकाचे दोन झाले का?" तिच्या पुस्तकात हा शब्द प्लॅनेरिया या चपट्या कृमीच्या अलैंगिक प्रजननात येतो. दुसरा शब्द सुचवा ना.

बांधावरून: पालीची शेपटी आपण 'परत फुटली' म्हणतो. तेच लिहा.

प्रयोगवही: शेपटीला ठीक, पण 'तोंड फुटलं' म्हणजे भलतंच! शिवाय फुटायला आधी कोंब लागतो. इथे पेशीच्या कुशीला रोमकांचे, म्हणजे त्या पट्ट्यातल्या बारीक केसांचे, हजारो बुंधे नव्याने जमतात आणि पट्टा तयार होता होता पुढच्या टोकाकडे सरकतो. अ‍ॅक्टिनोमायसिन हे औषध देऊन आरएनए बनणं थांबवलं तर काम अडतं. म्हणजे जनुकांकडून नवा हुकूम यावा लागतो. मी 'पुनर्घडण' म्हणेन.

जुनी वही: 'रोमके' ढोबळ आहे, 'पक्ष्माभिका' लिहा. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. इतका नेमका शब्द का सोडायचा?

बांधावरून: कारण वर्गात मोठ्याने वाचताना पोरं अडखळतात. मी त्यातलाच एक होतो.

प्रयोगवही: क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालाचं ऐका. त्याच्या दोन कशाभिकांपैकी (चाबकासारख्या शेपट्यांपैकी) एक तोडली की शाबूत असलेली आखूड होत जाते, तुटलेली वाढते, आणि सारख्या झाल्या की दोघी मिळून वाढतात. १९६९ सालचं निरीक्षण आहे. दोन्ही तोडून नवी प्रथिनं बनूच दिली नाहीत, तरी निम्म्या लांबीपर्यंत येतात, कारण पेशीत ट्युब्युलिन, म्हणजे कशाभिका ज्यापासून बनते ते प्रथिन, शिल्लक असतं.

बांधावरून: अहो, मग हा खोडवाच! ऊस तुटतो, बुडखा राहतो, जुन्या मुळ्यांच्या जिवावर नवा येतो.

शब्दवेडी: खोडवा फार आवडला! शहरातल्या मुलांना कळेल का पण?

जुनी वही: बुडख्याला कोंब फुटणारे डोळे असतात, म्हणजे कोंबाचा आक्षेप इथेही आलाच. आणि खोडवा हे पिकाचं नाव आहे, क्रियेचं नाही.

बांधावरून: 'खोडवा राखला' म्हणतोच की आम्ही. त्याच्या पुढच्या पिकाला निडवा.

जुनी वही: खोडवा खोडावरून, हे उघड आहे. निडवा कशावरून?