एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीग) मॅचेस आता नक्की बघायच्या तरी कुठे?

प्रश्न: गुरुवारची मॅच २०२२ पासून प्राइमवर, २०२३ ला संडे तिकीट (रविवारच्या बाहेरगावच्या मॅचेसचं पॅकेज) यूट्यूबकडे गेलं, २०२४ च्या ख्रिसमसला दोन मॅचेस नेटफ्लिक्सवर. बाबांना दरवेळी नवं ॲप लावून देईपर्यंत अर्धा क्वार्टर (मॅचच्या चार भागांपैकी एक) संपतो, खूप वाईट वाटतं. केबल सोडू का?

उत्तर: आधी अँटेना लावा! तुमच्या शहराची टीम असेल तर स्ट्रीमिंगवाली मॅचही लोकल चॅनलवर फुकट दिसते, कित्येकांना माहीतच नसतं हे.

उत्तर: +१, शिवाय अँटेनापेक्षा स्ट्रीम मागे असतं कारण व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी येऊन बफर होतो. परवा शेजारी ओरडले तेव्हा आमचा क्वार्टरबॅक (बॉल पास करणारा मुख्य खेळाडू) अजून बॉल घेऊन उभाच, टचडाऊनची (म्हणजे गोलसारख्या मोठ्या स्कोअरची) सगळी मजा गेली.

प्रश्नकर्ता: अरे वा, उद्याच आणतो अँटेना, बाबांना चॅनल नंबर पाठ असतात.