व्हीलॅनमधली अडवणूक: एसीएल कोअर स्विचवरच हवी

केबलवाला:
अकाउंट्स, सीसीटीव्ही, पाहुण्यांचं वायफाय असे व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले आभासी भाग) पाडले की काम झालं, असं अनेक जण धरून चालतात. कोअर स्विच म्हणजे मधला मुख्य लेयर ३ स्विच, त्याच्यावर राउटिंग (एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात पॅकेट नेणं) चालू असेल तर हे सगळे एकमेकांशी खुशाल बोलतात. प्रत्येक एसव्हीआयवर, म्हणजे स्विचमधल्या त्या व्हीलॅनच्या दारावर, 'इन' दिशेला एक्स्टेंडेड एसीएल (पत्ता आणि पोर्ट बघून पॅकेट सोडणारी किंवा अडवणारी नियमांची यादी) लावाच. तपासणी टीकॅममध्ये, म्हणजे हार्डवेअरमध्येच होते, वेगाला धक्का लागत नाही. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आतल्या आत पसरला तो ४४५ पोर्टवरून, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगवरून. व्हीलॅनांमध्ये ४४५ उघडा ठेवण्याचं काय कारण?

रात्रपाळी:
अजिबात पटलं नाही. एकाच व्हीलॅनमधल्या दोन पीसींचा ट्रॅफिक एसव्हीआयपर्यंत येतच नाही, त्यामुळे अकाउंट्समधला एक पीसी बाधित झाला तर शेजारचे तसेच उघडे. शिवाय ही एसीएल स्टेटलेस. आलेलं पॅकेट उत्तर आहे की नवं कनेक्शन, हे तिला कळत नाही. नियमात 'एस्टॅब्लिश्ड' (आधीच जुळलेलं कनेक्शन) लिहिलं तरी ती टीसीपी पॅकेटवरच्या फक्त एसीके किंवा आरएसटी या खुणांचे बिट बघते, आणि ते कोणीही लावून पाठवू शकतो. यूडीपीला (कनेक्शन न जुळवता पॅकेट पाठवण्याची पद्धत) तेवढाही आधार नाही. मग परतीच्या वाटेसाठी लोक भल्यामोठ्या पोर्टरेंज उघडतात आणि त्या कायमच्या उघड्या राहतात. गेटवे, म्हणजे व्हीलॅनमधून बाहेर पडायचं दार, फायरवॉलवर न्या; ती चालू कनेक्शन लक्षात ठेवते.

केबलवाला:
परतीच्या वाटेचं मान्य. पण सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि रात्रीचा बॅकअप पेलणारी फायरवॉल छोट्या ऑफिसला परवडते का? तिथे पर्याय एसीएल की फायरवॉल असा नसतोच, एसीएल की काहीच नाही असा असतो. शेजारच्या पीसीचं म्हणाल तर पीसीची केबल लागते त्या स्विचच्या पोर्टवरही एसीएल लावता येते.

सर्व्हररूम:
तुमच्या वादात एसीएलच्या शेवटची न दिसणारी 'डिनाय' (परवानगी न दिलेलं सगळं अडवणारी ओळ) राहून गेली. फक्त आपल्या सबनेटला (व्हीलॅनच्या आयपी पत्त्यांना) परमिट दिलं की नव्या पीसीची डीएचसीपी विनंती (आयपी पत्ता मागणारी) अडते, कारण तिचा सोर्स, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, ०.०.०.० असतो. डीएचसीपीच्या ६७ पोर्टची परमिट आधी लिहा. आणि दूरवरून एसीएल लावताना आधी 'रीलोड इन १०' (दहा मिनिटांनी रीबूट) द्या. स्वतःचंच एसएसएच (स्विचशी दूरवरून जोडणारं कनेक्शन) तुटलं तर दहा मिनिटांत स्विच सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं ठीक दिसलं की 'रीलोड कॅन्सल', मगच सेव्ह.

रात्रपाळी:
एक नियम लावायला अख्खा स्विच रीबूट होण्याची तयारी ठेवावी लागते, हेच मला खटकतं. कॅमेरे आणि पाहुणे यांच्यापुरती स्विचवरची एसीएल चालेल. अकाउंट्सचा गेटवे मात्र मी फायरवॉलवरच ठेवणार.