फोर्ड ८एन ट्रॅक्टरचं इग्निशन (प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा) ६ वरून १२ व्होल्टवर न्यावं का? (मंचावरचा धागा, प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पॉइंट-गाळा

फोर्डचे ९एन, २एन आणि ८एन (१९३९ ते १९५२) कारखान्यातून ६ व्होल्टवर निघाले, तेही प्लस अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. माझं मत स्पष्ट आहे: ज्या ट्रॅक्टरकडून नियमित काम घ्यायचं आहे तो १२ व्होल्टवर न्यावा.

सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) फिरताना बॅटरी दबते. ६ ची बॅटरी दबून साडेचारवर आली की कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) नेमक्या गरजेच्या वेळी पाऊण करंटच मिळतो. १२ ची दबून दहावर आली तरी कॉइलचं फार बिघडत नाही, शिवाय इंजिन जोरात फिरतं. थंडीत हा फरक लगेच कळतो.

बदलायचं ते असं: बॅटरी, कॉइल, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर (ब्रॅकेट, पुली आणि पट्ट्यासकट), सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला करंट देणारा स्विच), सगळे बल्ब. डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणारा कटआउट किंवा रेग्युलेटर काढून टाकायचा. अर्थ मायनसला घ्यायची, कारण बाजारातले बहुतेक अल्टरनेटर मायनस अर्थचेच असतात. अँमीटरच्या दोन्ही वायरी आपसात बदलायच्या, नाहीतर चार्जिंग होत असताना काटा डिस्चार्जकडे जातो. सेल्फ तोच चालतो. सिरीज वाइंडिंगची मोटर असल्यामुळे बॅटरीची टोकं उलटली तरी ती उलटी फिरत नाही.

पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर आणि प्लग जुनेच चालतात. प्लगचा गाळा (फट) ०.०२५ ते ०.०३० इंच होता तो तेवढाच ठेवा.

जाड केबल

पूर्ण असहमत. तुम्ही रोग सोडून लक्षणावर औषध देताय.

६ व्होल्टवर कुरकुरणाऱ्या ट्रॅक्टरवर आधी बॅटरीच्या केबली बघा. बहुतेक वेळा तिथे १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल असते, २० चौरस मिलिमीटरच्या आसपासची. दोन्ही केबली मिळून तीन मीटर धरल्या आणि सेल्फने २५० अँपिअर ओढले, तर एवढ्यातच साधारण ०.६ व्होल्ट जातात. म्हणजे सहातला दहावा हिस्सा, आणि अजून लग (केबलच्या टोकाचे जोड), सोलेनॉइडचे संपर्क, बॉडीवरचा रंग यांचा हिशोब बाकीच आहे. तीच केबल ५० चौरस मिलिमीटरची घाला, घट पाव व्होल्टवर येते.

तपासणी पाच मिनिटांची. कॉइलची वायर सोडवून ठेवा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या खांबावर धरा. लगवर नको, थेट शिशाच्या खांबावर. दुसरं टोक सेल्फच्या बोल्टवर. सेल्फ मारा आणि आकडा वाचा. मग तसंच अर्थच्या बाजूला, बॅटरीचा अर्थाचा खांब ते सेल्फची बॉडी. एका बाजूला ०.३ च्या वर गेलं की दोष तिथेच. अर्थची पट्टी जिथे बसते तिथला रंग लखलखीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा. मग सेल्फचे कार्बन (ब्रश) आणि बुश (दांड्याचे आधार) बघा. बुश झिजून आर्मेचर आत घासत असेल तर सेल्फ दुप्पट करंट खातो आणि उष्णतेत घालवतो.

एवढं केल्यावर ६ व्होल्टवर ट्रॅक्टर चालू होतोच, कारण या इंजिनांचं कॉम्प्रेशन सातास एकच्याही खाली आहे. हे न करता १२ व्होल्ट लावले तर खराब जोड तसेच राहतात, फक्त काही वर्षं झाकले जातात.

कॉइलचे ओहम

दोघांचंही एक राहून गेलं. धागा इग्निशनचा आहे आणि चर्चा सेल्फवर चालली आहे.

१२ व्होल्ट लावले की ठिणगी दुप्पट होते हा समज सोडा. ठिणगीची ताकद कॉइलमधल्या करंटवर ठरते आणि पॉइंटला साधारण ४ अँपिअरच्या पुढे नेऊ नये. ६ व्होल्टची गोल कॉइल साधारण १.५ ओहम, म्हणजे ४ अँपिअर. १२ व्होल्टची ३ ओहम, तेव्हाही ४ च. इंजिन चालू असताना दोन्हीकडे ठिणगी जवळपास सारखीच असते. फायदा आहे तो फक्त सेल्फ मारतानाचा, तो मान्य.

घोळ रेझिस्टरमध्ये (करंट कमी करणाऱ्या भागात) होतो. ‘१२ व्होल्ट’ छापलेल्या काही कॉइल बाहेरच्या रेझिस्टरसाठीच केलेल्या असतात, आतून दीड ओहमच्याच. ती सरळ जोडली तर १४ व्होल्टला ९ अँपिअर वाहतात. पॉइंट निळे पडतात, कॉइल हात लावू देत नाही आणि तेल गळायला लागतं. उलट ३ ओहमच्या कॉइलपुढे रेझिस्टरही ठेवला तर करंट अडीच-तीनवर येतो आणि लोडवर इंजिन मिसिंग करतं. म्हणून छापलेलं वाचू नका, मोजा. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून दिसणारा आकडा वजा करायला विसरू नका, दीड ओहममध्ये तो फरक मोठा असतो.

रेझिस्टर लावायचाच असेल तर चिनी मातीचा, निदान ३० वॅटचा, पत्र्यावर घट्ट बसवलेला आणि वायरींपासून लांब. चावी चालू राहिली आणि पॉइंट मिटलेले असले की त्यात सतत २५ वॅटच्या आसपास उष्णता निघते. प्लास्टिकची वायर टेकलेली असेल तर वितळते.

पुढचा डिस्ट्रिब्युटर

याला जोडून सांगतो. १९५० मध्ये ८एनचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट याच्याच आत असतात) इंजिनाच्या बाजूला आला. त्याआधीच्या सगळ्यांना तो पुढच्या तोंडावर, पंख्यामागे आहे आणि त्यावर चौकोनी कॉइल बसते. वर सांगितलेले आकडे गोल कॉइलचे आहेत, चौकोनीला ते लावू नका. पुढच्या डिस्ट्रिब्युटरवाल्या ट्रॅक्टरला ६ व्होल्टवरसुद्धा डॅशमागे मूळचा रेझिस्टर असतो. ६ ची चौकोनी कॉइल ठेवून १२ व्होल्ट द्यायचे असतील तर तो रेझिस्टर तसाच ठेवून त्याच्या जोडीला आणखी एक, साधारण १ ओहमचा, सिरीजमध्ये घालावा लागतो. १२ ची चौकोनी कॉइल घेतली तरी मोजल्याशिवाय मूळचा रेझिस्टर काढू नका.

कॉइल बदलताना खालची स्प्रिंग बघा. चौकोनी कॉइलला वर एकच टर्मिनल असतं, पॉइंटकडे जाणारा करंट खालच्या त्या छोट्या स्प्रिंगमधून जातो. ती दबलेली किंवा वाकडी असेल तर तांब्याच्या पट्टीला नीट टेकत नाही आणि इंजिन हादरलं की बंद पडतं. अशा वेळी नवी कॉइल खराब निघाली म्हणून परत केली जाते.

पॉइंट बघायला डिस्ट्रिब्युटर काढावाच लागतो. पॉइंटचा गाळा इथे ०.०१५ इंच, बाजूच्या डिस्ट्रिब्युटरला ०.०२५. परत बसवताना मागची जीभ मध्यापासून किंचित सरकलेली आहे हे लक्षात ठेवा. ती एकाच बाजूने बसते. बोल्ट आवळून ओढायला गेलात की बॉडीचा कान तुटतो.

पॉइंट-गाळा

@जाड केबल, व्होल्टेजची घट आधी मोजावी हे पटलं. मांडणीत तेच पहिलं यायला हवं होतं. पण सगळं स्वच्छ केल्यावरही एक अडचण उरते: जुना तीन कार्बनचा डायनॅमो. कमी फेऱ्यांवर तो जवळजवळ काही देत नाही आणि दिवे लावून हळू काम केलं की बॅटरी उतरत जाते. अल्टरनेटर आयडलच्या थोडं वरच चार्ज करायला लागतो. हे केबल जाड करून मिळत नाही.

जाड केबल

मिळत नाही, मान्य. पण दिवसा काम करणाऱ्या ट्रॅक्टरला दिवे लागतच नाहीत. इग्निशन चार अँपिअर खातं आणि चांगला डायनॅमो तेवढं भरून काढतो. आणि १२ व्होल्टवर ६ चा सेल्फ कायम चालतो हे अर्धंच सांगितलं गेलंय. बेंडिक्स (सेल्फचं पुढे सरकणारं गियर) दुप्पट वेगाने इंजिनाच्या रिंगवर आदळतं. दाते आधीच झिजलेले असतील तर तुटतात. बेंडिक्सची स्प्रिंगही तुटते. निदान एवढी शिस्त हवी की एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही आणि दोन वेळांमध्ये त्याला थंड होऊ द्यायचं.

चावी बंद, इंजिन चालू

अल्टरनेटर लावणाऱ्यांसाठी: तीन वायरींच्या डेल्को १०एसआय प्रकारात बाजूच्या प्लगला १ आणि २ असे दोन पिन असतात. २ बॅटरीकडे जातो, १ चावीकडे. हा १ नंबर सरळ चावीला जोडला तर चावी बंद केल्यावरही इंजिन चालत राहतं, कारण अल्टरनेटरच त्या वायरीतून कॉइलला उलटा करंट देतो. मधे १२ व्होल्टचा दोन-तीन वॅटचा बल्ब किंवा डायोड घाला. डायोडचा पट्टा अल्टरनेटरच्या बाजूला. बल्ब बरा, चार्जिंग थांबलं की पेटून सांगतो. एका वायरीचा अल्टरनेटर जोडायला सोपा, पण फेऱ्या एकदा वाढवल्याशिवाय तो जागा होत नाही. मंदगती कामाला तीन वायरींचाच घ्या.

बॅटरी उलटी टेकली तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात. पूर्वी प्लस अर्थ असलेल्या ट्रॅक्टरवर ही चूक सवयीने होते, म्हणून बॅटरीच्या पेटीवर ठळक ‘मायनस अर्थ’ रंगवून ठेवा.

कॉइलचे ओहम

अर्थ बदलल्यावर गोल कॉइलच्या वायरीही बदलायच्या: मायनस टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे, प्लस चावीकडे. प्लगचा मधला इलेक्ट्रोड तापलेला असतो आणि तो मायनस असला की ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते. उलटं जोडलं तरी इंजिन चालतं, म्हणून चूक वर्षानुवर्षं कळत नाही आणि थोडा झिजलेला प्लग लोडवर मिस करायला लागतो.

मॅग्नेटो

फारमॉल एच, एम वगैरे ट्रॅक्टरवाले हे वाचत असतील तर त्यांनी एक लक्षात घ्यावं. त्यातल्या मॅग्नेटोवाल्यांना यातलं काहीही इग्निशनसाठी लागत नाही. मॅग्नेटो आपली वीज आपणच करतो, बॅटरी फक्त सेल्फ आणि दिव्यांची. तिथे १२ व्होल्ट केले तर बॅटरी, चार्जिंग, बल्ब एवढंच बदला. मॅग्नेटोच्या टर्मिनलला जाणारी वायर बंद करण्यासाठी असते, ती अर्थला टेकली की इंजिन थांबतं. तिला चावीतून १२ व्होल्ट दिले तर पॉइंट आणि कॉइल जळतात, चुंबकही कमजोर पडतं. नवीन वायरिंग करताना आधी ती वायर हाताने मागोवा घेत शेवटपर्यंत बघा.

जाड केबल

मॅग्नेटोचं बरं आठवलंत. @पॉइंट-गाळा, तुमची यादी मी अशी बदलेन: आधी घट मोजा, केबली आणि अर्थ नीट करा, सेल्फ उघडून बुश बघा. त्यानंतरही बॅटरी उतरत असेल तर १२ करा, आणि तेव्हाही त्या जाड केबली काढू नका.

पॉइंट-गाळा

हा क्रम मान्य. पण माझं मत कायम: दिवे किंवा हळू फेऱ्यांचं काम असेल तर शेवटी १२ वरच यावं लागतं, आणि कॉइल विकत घेण्याआधी मीटर लावून बघायचाच.