‘अनुदान पडून आहे, तुम्हीच आळशी’ म्हणणाऱ्यांना

नायगावचा शनिवार:

परवा एका गटात एका सज्जनांची पोस्ट फिरत होती. सारांश असा: मुलांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थांकरता सरकारकडे पैसा पडून असतो, कुणी मागत नाही, मार्चअखेर तो परत जातो. अर्ज म्हणजे एका दुपारचं काम, पण आपल्या लोकांना रडगाण्याची हौस. खाली टाळ्याच टाळ्या. त्या टाळ्या पिटणाऱ्यांपैकी कितींनी जन्मात एकदा तरी उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान कशावर खर्चलं त्याचा दाखला) भरलंय, एवढंच विचारायचंय.

आमचं काम अगदी साधं. शनिवारी दुपारी वस्तीतली पोरं जमतात, वाचतात, भांडतात, एखादं नाटुकलं बसवतात. मे महिन्यात शिबिर. वर्षाचा सगळा खर्च लाखाच्या आत. आता ती ‘एक दुपार’ बघा. संस्था आधी १८६० च्या कायद्याखाली नोंदवायची, मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर पदाधिकाऱ्यांचे पॅन, आधार चढवायचे. तीन वर्षांचे तपासलेले हिशेब. आयकर सवलतीच्या बारा-ए, ऐंशी-जी नोंदण्या. शेड्यूल वनचा ताजा उतारा, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडची संस्थेची नोंद. कार्यकारिणीचा ठराव. हमीपत्र, तेही ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० च्या स्टँपवर. केंद्राचा पैसा असेल तर शेवटी जीएफआर १२-ए, म्हणजे तेच उपयोगिता प्रमाणपत्र, आणि अनुदान खात्यात पडलं असताना त्यावर जे व्याज मिळेल तेही सरकारजमा. ५ लाखांना हे सगळं लागलं तर तक्रार नाही. २५ हजारांनाही हेच?

आणि एवढं करून पैसा मिळतो कशाला? वस्तूला. कपाट घ्या, सतरंज्या घ्या, स्पीकर घ्या. अहो, कपाट आहे माझ्याकडे! मला हवी आहे दर शनिवारी पोरांबरोबर तीन तास बसणारी मुलगी, जिला रेल्वेचा पास आणि थोडंफार मानधन द्यावं लागतं. तिच्यासाठी अर्जात रकानाच नाही. राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाकडून ग्रंथालयांच्या बालविभागाला मदत होते, उत्तम आहे, पण पुस्तक उघडून वाचून दाखवणारं माणूस कुठून आणायचं? खासदार निधी १९९३ पासून आहे, वर्षाला ५ कोटी. त्यातून टिकाऊ कामं होतात, म्हणजे समाजमंदिर उभं राहील, आत गोष्ट सांगायला येणाऱ्याचा चहासुद्धा त्यात बसत नाही. नगरसेवकाकडे जावं, तर मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं वॉर्डात नगरसेवकच नव्हता.

सोपं करता येत नाही असंही नाही. २०२५ च्या गणेशोत्सवात राज्यानं १,८०० भजनी मंडळांना वाद्यांसाठी प्रत्येकी २५ हजार जाहीर केले, अर्ज ऑनलाइन. मग पोरांच्या वाचनालयांनी काय घोडं मारलंय?

हिशेबतपासनीस (निवृत्त):

लेख वाचला. तळमळ पोचली, पण बाजू अर्धीच आहे. माझी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली. ‘रक्कम छोटी’ म्हणून कागद सैल सोडले की काय होतं ते मी पाहिलंय. तीन संस्थांची बिलं, मंडपवाला एकच, हस्ताक्षर एकच. शिबिराच्या हजेरीपटावर मुलांची नावं मतदारयादीसारखी, घर क्रमांकानुसार ओळीनं. तुम्हाला २५ हजार चिल्लर वाटतात, पण अशा हजार संस्था झाल्या की अडीच कोटी होतात. व्याज परत का द्यायचं? कारण मुद्दल तुमचं नव्हतं, म्हणून.

नायगावचा शनिवार:

साहेब, त्या तीन संस्थांचे कागद पूर्ण होते ना? ठराव, हमीपत्र, उतारा, सगळं? मग तुमच्या चाळणीतून त्याच पार झाल्या आणि आम्ही अडकलो. कागद पूर्ण ठेवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना कागद वाढल्यानं फरक पडत नाही. फरक पडतो तो ज्यांच्याकडे कारकून नाही त्यांना.

हिशेबतपासनीस (निवृत्त):

पार झाल्या नाहीत. पकडल्या. आणि कागदांमुळेच पकडल्या.

गोवंडीची ताई:

मी अर्ज केला होता. मंजूरही झाला. कुठला विभाग ते सांगत नाही, उगाच पुढच्या वर्षी नाव लक्षात राहायचं. पैसे खात्यात आले मार्च संपता संपता, आणि ३१ तारखेच्या आत खर्च दाखवा. मुलांच्या परीक्षा चालू. कोण येणार उपक्रमाला? शेवटी वह्या, कंपासपेट्या आणि टोप्या घेतल्या. टोप्यांवर योजनेचं नाव छापायचं होतं, तेही छापलं. फोटो झकास आला. माझा मूळ प्रस्ताव होता चौथीपर्यंत येऊनही वाचता न येणाऱ्या मुलांसाठी वर्षभराचा वर्ग.

‘पैसा परत जातो’ म्हणणाऱ्यांनी तो येतो कधी तेही लिहावं.

टाळकरी:

विषय मुलांच्या अनुदानाचा, मग भजनी मंडळांवर का घसरलात? वारकऱ्याला २५ हजार मिळाले की सगळ्यांच्या पोटात दुखतं. लाखालाखाचे फेस्टिव्हल होतात तेव्हा कुणाची लेखणी चालत नाही. आमच्या मंडळात विभागातली लहान मुलंच येतात, पखवाज शिकतात. हा काय बालोपक्रम नव्हे? तुमचं तेवढं वाचन, आमचं तेवढं देवदेव?

नायगावचा शनिवार:

माउली, टीका नाही केली, हेवा केला. नीट वाचा.

टाळकरी:

हेवा पण नको. पखवाज मिळाला म्हणून सगळं सुटलं असं नाही. शिकवणारे बुवा कल्याणहून येतात. एक पैसा घेत नाहीत, लोकलचं भाडंही खिशातलं. गुडघे दुखतात, तरी येतात. ते थांबले की पखवाज खुंटीला.

गोवंडीची ताई:

टाळकरी दादा, धागाकर्ते हेच तर सांगत होते. वाद्याला पैसा आहे, बुवांना नाही. भांडत भांडत तुम्ही त्यांचाच मुद्दा सिद्ध केलात.

टाळकरी:

असेल. पण बोलण्याची पद्धत असते.

दादरचे आजोबा:

आमच्या लहानपणी सेवा दलाची शाखा भरे, कथामाला चाले, मे महिन्यात शिबिरं होत. ना अनुदान, ना प्रोजेक्ट प्रपोजल. घराघरातून वर्गणी, मुठीमुठीनं तांदूळ. गिरगावात साहित्य संघात सुधाताई करमरकरांनी १९५९ मध्ये बालरंगभूमी सुरू केली ती काय अर्ज भरून? सरकारच्या पैशाला हात लावला की सरकार दारात येऊन बसतं. पुढाऱ्याचा फोटो लावा, मंत्र्याची वेळ घ्या, पोरं उन्हात तिष्ठत. वर्गणी काढा, स्वाभिमानानं जगा.

गोवंडीची ताई:

आजोबा, तुमच्या दादरला वर्गणी जमत होती, आजही जमेल. आमच्या गल्लीत मी कुणाकडे मागू? जरीकाम करणाऱ्यांकडे, की कचरा वेचणाऱ्या आयांकडे? ज्या मुलांना उपक्रमाची सगळ्यात जास्त गरज त्यांच्याच आईबापांनी तो विकत घ्यायचा, याला स्वाभिमान म्हणत असाल तर म्हणा. आम्हीही कर भरतो. माचिस घेतली तरी जीएसटी लागतो.

सीए असलो तरी माणूस:

धागाकर्त्यांनी ‘शेड्यूल वनचा उतारा’ एका वाक्यात उरकलाय. खरी मेख तिथं आहे. माझ्याकडे ज्या छोट्या संस्था येतात त्यातल्या बहुतेकांचा अर्ज पोर्टलमुळे अडत नाही, चेंज रिपोर्टमुळे अडतो, म्हणजे पदाधिकारी किंवा पत्ता बदलल्याचं धर्मादाय आयुक्तांना कळवलेलं नसतं. शेड्यूल वनवर अध्यक्ष म्हणून जे गृहस्थ आहेत त्यांचं वर्षश्राद्धही जुनं झालेलं. खजिनदार न्यू जर्सीत. सही करणारे तिसरेच. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. कुणी देत नाही. मग अनुदानाची जाहिरात आली की धावाधाव, विलंबमाफीचा अर्ज, आणि शिव्या सरकारला. ज्यांना दहा वर्षांत स्वतःचा अध्यक्ष बदलल्याचं कळवता आलं नाही त्यांनी पारदर्शकतेवर व्याख्यानं देऊ नयेत.

परळ व्हाया पनवेल:

सीए साहेब, वातानुकूलित ऑफिसातून बोलणं सोपं आहे. आमच्या बालवाचनालयाचा नोंदणीकृत पत्ता म्हणजे आमची चाळ. चाळ पुनर्विकासात गेली, पाडली. आता तिथं पत्र्याचं कुंपण आणि वर बिल्डरचा फलक. आम्ही भाड्यानं पांगलो, कुणी पनवेल, कुणी दिवा. सभासद गोळा करून सभा घ्यायची कुठे? गणपूर्ती कशी करायची? सात जणांना पत्र पाठवलं तर चार पाकिटं परत. पत्ताबदलालाही चेंज रिपोर्ट, आणि नवीन पत्त्याला घरमालकाची संमती. घरमालक म्हणतो संस्था-बिंस्था नको, अकरा महिन्यांनी खाली करा. द्या आता व्याख्यान.

सीए असलो तरी माणूस:

ऑफिस वातानुकूलित नाही, काळाचौकीला पोटमाळा आहे. आणि बालसंस्थांचं काम मी फुकट करतो. तुमची अडचण खरी आहे, मान्य. पण पाडायच्या आधी करार व्हायला वर्षं जातात, तेव्हा संस्थेचं काय करायचं हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही? बिल्डरशी कार्पेट एरियासाठी इंचाइंचानं भांडलात. वाचनालयाची खोली करारात मागितलीत?

परळ व्हाया पनवेल:

मागितली होती. सोसायटी ऑफिसात विलीन झाली. पुढचं विचारू नका.

मालाडची गृहिणी नव्हे, सचिव:

चेंज रिपोर्टवरून आठवलं. आमची नवी कार्यकारिणी बिनविरोध निवडून आली, रिपोर्टही वेळेत दिला. पण बँक म्हणते रिपोर्ट मंजूर झाल्याच्या आदेशाची प्रत आणा, तोवर जुन्याच सह्या. जुन्यांपैकी एक बाई रुसलेल्या. त्या सही करीनात. शिबिराचे पैसे खात्यात आणि आम्ही खाऊ उधारीवर आणतोय.

सीए असलो तरी माणूस:

बँक चुकतेय. निवड झाली त्या दिवसापासून नवी समिती कारभार करू शकते, रिपोर्ट प्रलंबित असला तरी. उच्च न्यायालयानं हे सांगितलेलं आहे. शिवाय २०१७ च्या दुरुस्तीनंतर वाद नसलेल्या बदलाला तात्पुरती मान्यता लवकर मिळायची तरतूद आहे.

मालाडची गृहिणी नव्हे, सचिव:

काउंटरवर उच्च न्यायालय बसत नाही हो. तिथं एक पोरगेलासा मुलगा बसतो आणि म्हणतो, मॅडम, सिस्टीम घेत नाही.

संपादक मंडळ:

चेंज रिपोर्टसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. विषय मुलांच्या उपक्रमांसाठीच्या छोट्या अनुदानांचा आहे.

परळ व्हाया पनवेल:

तोच विषय आहे. अनुदान तिथंच मेलंय.

दोन मुलींची आई:

सगळे एकमेकांच्या जखमा दाखवताय, मी पलीकडच्या बाजूनं बोलते. मी त्या मुलांपैकी दोघींची आई आहे. आमच्या विभागातल्या एका शिबिराच्या दादाला मी विचारलं, शिकवणाऱ्यांची पोलीस पडताळणी केलीत का? तो हसला. म्हणाला, ताई, सगळी आपलीच पोरं आहेत. मी मुलींना घरी ठेवलं. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, आणि अजून ‘आपलीच पोरं’? एखाद्या अनुदानाच्या अर्जात पडताळणीचा कागद मागत असतील तर ती कटकट नाही. पैसे मिळोत न मिळोत, तो कागद तुमच्याकडे असायलाच हवा.

नायगावचा शनिवार:

याला विरोध कुणी केला? पडताळणी आमच्याकडे आहे, शनिवारी पोरांबरोबर बसणाऱ्या ताईची, माझी, चहावाल्या पोराचीसुद्धा. मी व्याजाबद्दल आणि तीन वर्षांच्या ताळेबंदाबद्दल बोलत होतो.

दोन मुलींची आई:

तुमच्या यादीत पडताळणी नव्हती म्हणून लिहिलं. स्टँपपेपर आठवला, हे नाही आठवलं.

हिशेबतपासनीस (निवृत्त):

बाईंशी पूर्ण सहमत. आता माझ्याकडून थोडं. मी कागदांचा पुजारी नाही, इथं तसा समज झालेला दिसतो. ५० हजारांच्या आत एक पानी अर्ज ठेवा, दर्पणचा क्रमांक घ्या, बँकेचं वर्षाचं उताऱ्याचं पान घ्या, पडताळणी आणि मुलांच्या सुरक्षेचा कागद मात्र सक्तीचा. हिशेब कार्यालयात द्यायचा तसा वस्तीच्या फळ्यावरही लावा, पै न पै. फळ्यावरचा हिशेब आया वाचतात, आणि त्या माझ्यापेक्षा कडक तपासनीस असतात. मानधनालाही माझी हरकत नाही. पण ते बँकेतून द्या, रोखीनं नको. ‘मानधन, रोख, विविध’ असं लिहिलेलं दिसलं की आजही माझा हात लाल पेनाकडे जातो.

नायगावचा शनिवार:

वा. नोकरीत असताना हे एका टिपणीत लिहिलं असतंत तर आज मी हा धागा न काढता पोरांचं नाटक बसवत असतो.

हिशेबतपासनीस (निवृत्त):

लिहिलं होतं. टिपणीवर शेरा आला, ‘चर्चा करावी’. चर्चा कुणी केली नाही.

सीए असलो तरी माणूस:

एक दुरुस्ती. बारा-ए आणि ऐंशी-जी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाची ओरड चाललेली असते. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ५ कोटींपेक्षा कमी उत्पन्नाच्या छोट्या न्यासांना बारा-एची मुदत १० वर्षं मिळू शकते. म्हणजे कुणीतरी कधीतरी ऐकतं.

गोवंडीची ताई:

ऐकलं आयकरवाल्यांनी. अनुदानवाले ऐकतील तेव्हा बोलू. तोवर टोप्या आहेत, कुणाला हव्या असतील तर सांगा, दोन खोकी उरलीत.

दादरचे आजोबा:

टोप्या पाठवा. आमच्या हास्यक्लबला चालतील. वर्गणी देऊ.

परळ व्हाया पनवेल:

सीए साहेब, शेवटचं. अध्यक्ष वारल्याचा बदल दाखवायचा तर मृत्यूचा दाखला मूळ लागतो की झेरॉक्स चालते? मूळ त्यांच्या मुलाकडे आहे आणि तो आमच्याशी बोलत नाही, खोलीच्या वादावरून.

सीए असलो तरी माणूस:

महापालिकेतून दुसरी प्रत काढा, मुलाची गरज नाही. मृत्यूची तारीख माहीत आहे ना?

परळ व्हाया पनवेल:

गणपतीच्या आसपास. वर्ष विचारून सांगतो.